शाळेबाहेरचे तास आणि केडगावच्या रमाबाई

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे एक लहानसे स्थानक आहे. शिरूरहून न्हावरे, पारगावमार्गे येणारा रस्ता भीमा ओलांडून याच परिसरात, चौफुल्यापाशी, सोलापूरच्या हमरस्त्याला मिळतो. या वाटेने रोज ये-जा करणाऱ्यांना केडगावचे मुक्ति मिशन ठाऊक असते. परंतु ज्या बाईने ते उभारले तिच्याविषयी आपल्या मनात बहुधा दोनच गोष्टी असतात. एक तिची अफाट विद्वत्ता आणि दुसरी तिचे धर्मांतर. पंडिता रमाबाईंचे चरित्र या दोन टोकांमध्ये इतके ओढले गेले आहे, की त्यांनी आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे ज्या प्रश्नाला वाहिली तो प्रश्न बाजूलाच राहिला. मुलाचे शिक्षण कोणी करावे, एवढाच तो प्रश्न नव्हता. धडा संपल्यावर मूल कोणाच्या नजरेखाली राहते, काय खाते, कोठे निजते आणि कोणाचे ऐकते, हा तो प्रश्न होता. तो आजही शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत अनुत्तरित आहे. म्हणून रमाबाईंचे चरित्र या एका बाजूने पुन्हा वाचणे अगत्याचे वाटते.

प्रश्नाचा आकार ध्यानात येण्यासाठी थोडा हिशेब मांडू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास अध्यापन ठरवून दिले. वर्षाचे एकूण तास ८,७६०. रोज नऊ तास झोपेचे वजा केले, तरी मुलाच्या जागेपणाचे ५,४७५ तास उरतात. म्हणजे प्राथमिक शाळेच्या वाट्याला त्यांपैकी जेमतेम सातवा हिस्सा येतो. उरलेले सहा हिस्से कुटुंब सांभाळते, असे आपण गृहीत धरतो. ज्या घरात सांभाळणारे हात मोकळे आहेत तेथे हे गृहीत खरे ठरते. परंतु जेथे कुटुंबच मोडले आहे, स्थलांतरित झाले आहे किंवा दिवसरात्र मजुरीला जुंपले आहे, तेथे त्या सहा हिश्शांचे काय? रमाबाईंच्या आयुष्याचे उत्तरार्ध म्हणजे या प्रश्नाला त्यांनी स्वतः दिलेले उत्तर आहे.

शाळा न पाहिलेली विदुषी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे पंडित. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकविले आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करला. पुढे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. पुराणे सांगत, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करीत ही मंडळी गावोगाव फिरत राहिली. रमाबाई कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. दिवसभराच्या कामातून आईला सवड नसे. म्हणून पहाटे, उजाडण्यापूर्वी, ती झोपेने जड झालेल्या मुलीला गोंजारून उठवी आणि तोंडी पाठ देई. पुढे कलकत्त्याच्या पंडितांना थक्क करणारी विद्या या पहाटेच्या तासांतून आली होती.

हे सांगण्याचा हेतू शाळेचे महत्त्व कमी करण्याचा नाही. मुलाच्या घडणीत शाळेबाहेरच्या वेळेचे मोल केवढे असते आणि ती वेळ एका जागरूक माणसाच्या हाती पडली तर काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे. उलट, ते माणूसच नाहीसे झाले तर काय होते, हेही रमाबाईंनी कोवळ्या वयात अनुभवले. दक्षिणेतील दुष्काळात १८७४ साली काही आठवड्यांच्या अंतराने वडील व आई गेली. पाठोपाठ थोरली बहीणही गेली. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास पायी देश तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथे त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. परंतु भुकेने हिंडणाऱ्या अनाथ मुलीच्या वाट्याला काय येते, हे त्या विसरल्या नाहीत. पुढील सर्व कार्याची मुळे या भटकंतीत आहेत.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीचे बंधन झुगारून, नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ साली मनोरमा ही कन्या झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे पटकीने निधन झाले. तेविसाव्या वर्षी विधवा झालेल्या रमाबाई कडेवर मूल घेऊन पुण्यास आल्या. येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देऊन शिक्षिका, स्त्री-निरीक्षक आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली.

आधी पाहणी, मग कृती

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यक शिकण्याचा त्यांचा मानस होता. पण कानाने कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो सोडावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि सुमारे अडीच वर्षे अमेरिकेत राहिल्या. या मुक्कामात त्यांनी जे केले त्याला आजच्या परिभाषेत संशोधनच म्हणावे लागेल. शाळा, धर्मादाय संस्था, स्त्रियांच्या संघटना, कारागृहे त्यांनी स्वतः पाहिली. फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा, म्हणजे खेळ, हस्तकौशल्य व निरीक्षण यांतून लहान मुलांना शिकविण्याच्या रीतीचा, त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला. या साऱ्या निरीक्षणांचे फलित म्हणजे अमेरिकेची लोकस्थिती वर्णन करणारा त्यांचा १८८९ सालचा मराठी ग्रंथ. कोणत्या गोष्टीला किती खर्च येतो, पैसा कोण देतो आणि कारभार कोण पाहतो, हे पाहण्याची त्यांची दृष्टी अर्थशास्त्राच्या अध्यापकालाही हेवा वाटावा अशी आहे.

१८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. बालविधवांसाठी हे निवासी विद्यालय होते. गोदूबाई, म्हणजे पुढील काळातील आनंदीबाई कर्वे, ही तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी. निवासाची सोय ही येथे केवळ सवलत नव्हती. तत्कालीन घरात विधवा मुलीला दिवसाचे चार तास शाळेत पाठविणे जवळजवळ अशक्यच होते आणि पाठविली, तरी उरलेल्या वीस तासांत तिच्यावर काय बिते, याला उत्तर नव्हते. रमाबाईंनी दिवसच्या दिवस आपल्याकडे घेतला. हा निर्णय खर्चाच्या दृष्टीने फार जड होता. पण त्यावाचून शिक्षण टिकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

वादाचे खरे कारण

याच निर्णयातून १८९३ सालचा वाद उद्भवला. शारदा सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे आश्वासन होते आणि वर्गात ते दिले जातही नव्हते. परंतु रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे जाऊन बसत. त्यांना अडवावे काय, हा प्रश्न निर्माण झाला. मुलींना मी बोलावीत नाही आणि आल्या तर हाकलणारही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. लोकमान्य टिळकांच्या केसरीने कडाडून टीका केली. सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांसारख्या सुधारकांनीही राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या वादाकडे आपण नेहमी धर्माच्या अंगाने पाहतो. त्यात एक दुसरेही तत्त्व दडलेले आहे. तक्रार वर्गातील तासांविषयी नव्हती. ती वर्गाबाहेरच्या तासांविषयी होती. मुलाचा उरलेला दिवस जो सांभाळतो त्याच्याकडे मुलाचे मन घडविण्याची सत्ता आपोआप येते, मग ती त्याने मागितलेली असो वा नसो. टीकाकारांची भीती म्हणून निराधार नव्हती, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. निराधार मुलीला आसरा देणारा आणि आसरा घेणारी मुलगी यांचे बळ समान नसते. अशा स्थितीतील निवड पूर्णपणे मोकळी असते, असे कोणीही छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. परंतु त्याच प्रांजळपणे दुसरेही मान्य करावे लागते. त्या मुलींचा दिवस सांभाळण्यास तोवर टीकाकारांपैकी फारच थोडे पुढे आले होते. या आक्षेपाला खरे उत्तर दिले ते धोंडो केशव कर्वे यांनी. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्यास नेला. दुसऱ्याचे घर मान्य नसेल तर आपले घर उघडावे, हा तो मार्ग होता. नुसता निषेध करून मूल सांभाळले जात नाही.

दुष्काळ, प्लेग आणि केडगाव

बोस्टनच्या साहाय्याची दहा वर्षांची मुदत संपल्यावर संस्था कशी चालवावी, याची चिंता रमाबाईंना आधीपासून होती. फळबागेच्या उत्पन्नावर संस्था स्वावलंबी व्हावी, या हेतूने त्यांनी केडगावजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेतली. हा दौंडचा अवर्षणप्रवण टापू. तेव्हा कालव्याचे पाणी नव्हते. विहिरी खणून झाडे लावण्यापासून प्रारंभ झाला. तेथे मुलांची वसाहत उभी करण्याची योजना मुळात नव्हती. ती परिस्थितीने उभी केली.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पसरला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या, निर्वासगृहे आणि मदतकामे पाहिली. एकट्या पडलेल्या मुलींना तेथे अन्नापेक्षाही संरक्षणाचा तुटवडा आहे, हे त्यांना दिसले. त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. परंतु पुण्यात प्लेग होता. इतक्यांना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा या मुलींना केडगावच्या शेतावर, आधी तंबूंत आणि झोपड्यांत, हलवावे लागले. याच सुमारास प्लेगच्या छावणीत आणि रुग्णालयात स्त्रियांच्या होणाऱ्या हेळसांडीविरुद्ध त्यांनी जाहीर तक्रार केली. सरकारच्या ताब्यातील मुलीचे रक्षण ही सरकारचीच जबाबदारी आहे, असा त्या तक्रारीचा रोख होता. १८९८ च्या सप्टेंबरात मुक्तिसदनाची रीतसर स्थापना झाली. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात व राजपुताना येथून आणखी मुली आल्या आणि केडगावची वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली. आलेल्यांपैकी कित्येक उपासमारीने इतक्या खंगलेल्या होत्या, की त्या वाचू शकल्या नाहीत.

दोन हजार जिवांचा दिवस कसा चालवायचा? येथे रमाबाईंची व्यवस्थापनदृष्टी दिसते. शारदा सदनात तयार झालेल्या मुली नव्या मुलींच्या शिक्षिका आणि सांभाळणाऱ्या झाल्या. दिवसाचा एक भाग शाळेचा, एक भाग हातच्या कामाचा. शेती, दूधदुभते, विणकाम, शिवण, तेलघाणा, स्वयंपाक अशी कामे मुली शिकल्या. छापखान्यात खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंत सारे काम स्त्रियाच करू लागल्या. अंध मुलींसाठी ब्रेल लिपी शिकविण्याची सोय झाली. मुलगे, वृद्धा आणि समाजाने टाकलेल्या स्त्रिया यांसाठीही स्वतंत्र सदने उभी राहिली. या कष्टांच्या जोडीला बायबलचे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठी भाषांतर करण्याचे प्रचंड काम रमाबाई अखेरपर्यंत करीत होत्या. २४ जुलै १९२१ रोजी त्यांची कर्तृत्ववान कन्या मनोरमा वारली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच रमाबाईंनी देह ठेवला.

केडगावची व्यवस्था आदर्श होती, असे मात्र म्हणता येत नाही. हजारो मुले एका आवारात ठेवण्याची पद्धत आज बालसंगोपनशास्त्राला मान्य नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे आणि कुटुंबाच्या निकट राहण्यावर भर दिला आहे. शिस्तीचा काच, धर्माचा एकमुखी प्रभाव, परदेशी देणग्यांवरील अवलंबन, या उणिवा होत्याच. पण रमाबाईंचा मूळ सिद्धांत या उणिवांनी खोटा ठरत नाही. मूल हे पूर्ण दिवसाचे असते. त्याची सोय तुकड्याने करता येत नाही, हा तो सिद्धांत.

आजचे शिरूर-दौंड

रमाबाईंचा दुष्काळ आता नाही. भीमा आणि घोड यांच्या खोऱ्यांत ऊस उभा आहे. रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. परंतु समृद्धीनेही कुटुंबाचा दिवस मोडतो, हे आपण पुरेसे ओळखलेले नाही. दिवाळीच्या मागेपुढे बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पहाटेच फडात जातो. कोपीवर राहते ते आठ-दहा वर्षांचे मूल आणि त्याच्या कडेवर धाकटे भावंड. हे मूल जवळच्या शाळेत दाखल झाले तरी भावंडाला कोणी सांभाळावे, म्हणून ते शाळेतून गळते. त्याची शाळा खरे पाहता शाळेबाहेरच्या तासांनीच बुडविलेली असते. गुऱ्हाळावर आणि वीटभट्टीवर हेच चित्र आहे. कारखान्यात पाळीने राबणाऱ्या मातापित्यांचे मूल दुपारी कुलूपबंद खोलीपुढे थांबते. चौफुल्याच्या कलाकेंद्रांत रात्री कला सादर करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांची तर रात्रच उघडी पडते.

शासनाने काही केले नाही, असे नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीसहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांना सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. २०१७ च्या मातृत्वलाभ कायद्यातील दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर ती जबाबदारी टाकली. १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाड्या आल्या. ऊसतोड कामगारांच्या मुलांना गावीच ठेवण्यासाठी वसतिगृहांची योजना राज्याने २०२१ साली मंजूर केली. परंतु या तरतुदी ओळीने मांडल्या की त्यांतील खंड दिसतो. अंगणवाडी आणि पाळणाघर सहाव्या वर्षी संपते. पुढे शाळा असते; पण ती जागेपणाचा सातवा हिस्सा घेऊन मोकळी होते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचे उरलेले तास कोणत्याही एका खात्याच्या कामात मोडत नाहीत. ज्याची नोंद नाही त्याला अंदाजपत्रकात रक्कम नसते, हा सरकारी अर्थव्यवहाराचा जुना नियम आहे.

म्हणून पहिली गरज मोजणीची आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली, सहा वर्षे व त्यावरील व्यक्ती आपला वेळ कसा घालवितात, याची देशव्यापी पाहणी केली. तशी पाहणी तालुक्याच्या पातळीवर, ऊस हंगामात आणि हंगामाबाहेर, आपल्या महाविद्यालयांना करता येईल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही; वही, प्रामाणिक विद्यार्थी आणि कोपीपर्यंत चालत जाण्याची तयारी लागते. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या त्या अशाच, आधी डोळ्यांनी पाहण्यासाठी. दुसरी गरज जागेची. शाळेच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्चावी, असा दंडक आहे. गावातीलच दोन बायांना योग्य मानधन देऊन, खाऊ, खेळ आणि अभ्यास यांसाठी तीन तास शाळा उघडी ठेवणे ही काही आकाशाला गवसणी घालण्याची गोष्ट नव्हे. हंगामात फडाजवळच्या शाळेने धाकट्या भावंडालाही आत घेतले तर थोरल्याची हजेरी आपोआप वाढेल.

हे काम सार्वजनिक असले पाहिजे, याचे कारणही रमाबाईंच्या चरित्रातच आहे. मुलाचा उरलेला दिवस जो घेतो तो त्याचे मनही घेतो. हा भार एखाद्या पंथावर, देणगीदारावर किंवा मुकादमावर सोडून नंतर त्याच्या प्रभावाची तक्रार करणे म्हणजे १८९३ सालची चूक पुन्हा करणे होय. गावाने स्वतः, सर्वांच्या डोळ्यांदेखत आणि सर्वांच्या पैशाने, हे तास सांभाळले तर त्यावर सर्वांचे लक्षही राहील.

केडगावच्या स्थानकावर आजही गाड्या थांबतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी येथे उतरलेल्या मुलींना शाळा हवी होती हे खरे. पण त्याआधी त्यांना संध्याकाळी परतण्यासाठी एक जागा हवी होती. दौंड-शिरूरच्या फडांवर आणि चाळींत वाढणाऱ्या मुलांचीही मागणी याहून मोठी नाही.